भिंतीवरचं माहेर

आमच्या शारजाच्या घरात शुक्रवार उजाडायचा तो आईच्या फोडणीच्या आवाजाने. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. खिडकीतला एसी रात्रभर घरघरून दमलेला असायचा, खाली पाण्याच्या टँकरचा पंप सुरू झालेला असायचा आणि बाबा बनियनवर बसून ट्रान्झिस्टरवर कुठलंतरी भारतीय स्टेशन लागतंय का ते बघत असायचे. आई पिठलं टाकायची. त्या दिवशी तिला पोळ्यांना सुट्टी असे. मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणायची, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, हाताला चटके देणारा. खुबूस आणि पिठलं हे आमचं शुक्रवारचं पक्वान्न. पुण्याला गेल्यावर मी पिठल्याबरोबर खुबूस मागितला की मावश्या एकमेकींकडे बघून हसायच्या. शेजारी राजापूरच्या हमीदाखाला राहायच्या. त्यांच्याकडून सोलकढीचा तांब्या यायचा, आमच्याकडून पिठल्याचं पातेलं जायचं, आणि दोन्ही भांडी रिकामी परत न पाठवण्याच्या नादात ही देवाणघेवाण आठवडाभर चालायची.

बाबा दुबईत, देऱ्यातल्या एका बांधकाम कंपनीत सिव्हिल इंजिनिअर होते. रोज सकाळी शारजाहून निघायचं, दुबईच्या हद्दीपाशी गाड्यांच्या रांगेत अडकायचं, संध्याकाळी त्याच रांगेतून परतायचं. दुबईत मेट्रो आली तरी ती आमच्यापर्यंत काही आली नाही, आणि माझा मुलगा आज त्याच रांगेत बसून मला फोन करतो. बाबा फार बोलायचे नाहीत. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत बोटांच्या पेरांनी भिंत हळूच वाजवून बघायचे. आईला त्याची लाज वाटायची. "अहो, लोकांना वाटेल घर विकत घेताय," ती कुजबुजायची. मला मात्र बाबांचं ते भिंतीला कान देणं आवडायचं. शाळेतल्या मैत्रिणींचे वडील पार्ट्यांमध्ये गाणी म्हणायचे, विनोद सांगायचे. माझे वडील भिंतीशी बोलायचे.

मी तेव्हा अकरावीत होते. शारजाच्या आतल्या भागात, धैद गावाच्या पुढे, जिथे वाळू संपून काळपट डोंगर सुरू होतात, तिथल्या रस्त्याचं रुंदीकरण बाबांच्या कंपनीकडे आलं होतं. तिथल्या कोरड्या ओढ्याला वाडी म्हणतात. आई पहिल्यांदा तो शब्द ऐकून म्हणाली होती, "वाडी म्हणता आणि एक घर दिसत नाही." या वाडीच्या काठाने रस्ता न्यायचा होता, आणि आखणीत मधोमध एक टेकाड येत होतं. यंत्राने ते उकरायला घेतलं तर पात्याला सिमेंट लागलं. खाली खोल्या निघाल्या. डोंगरापलीकडच्या बंडखोरांविरुद्ध इंग्रजांनी तीसेक वर्षांपूर्वी जी लढाई केली, तिची सूत्रं हलवण्यासाठी त्यांच्या अधिकाऱ्यांनी जमिनीखाली बांधून घेतलेलं ते ठाणं होतं. विमानं कुठे पाठवायची, बाँब कुठे टाकायचे, सैनिकांनी कुठल्या घळीतून वर चढायचं, हे सगळं तिथून ठरायचं. लढाई संपली, इंग्रज गेले आणि वर माती साचली.

प्रोजेक्ट मॅनेजर होते कर्णिककाका. ते मूळचे दादरचे, घरोब्याचे, आमच्या गणपतीला न चुकता येणारे. त्यांनी बाबांना सांगितलं, "विनायक, खाली उतरून एकदा इन्स्पेक्शन कर. स्ट्रक्चर धोक्याचं आहे असं लिहून टाक, म्हणजे काँक्रीट ओतून बुजवता येईल. खलास." बाबांनी शुक्रवारी जायचं ठरवलं आणि मी हट्ट धरला. मी जाणार म्हटल्यावर आई निघाली, आणि आई निघाली म्हटल्यावर थालीपिठं, दही आणि लसणीची चटणी निघाली. इंग्रजांचं युद्धाचं ठाणं बघायला आम्ही असे सिंहगडावर निघाल्यासारखे निघालो.

टेकाडाला लागून खजुराची बाग होती, आणि ती बाग व टेकाडाची जमीन उम्म सालेम नावाच्या बाईंची होती. उम्म म्हणजे आई. नवरा वारला होता, मुलगा सालेम अबूधाबीला नोकरीला होता. नाकावर तिथल्या बायका लावतात तो मुखवट्यासारखा काळपट सोनेरी बुरखा, हातात काठी, पायांत रबरी सपाता. पन्नाशीची असेल, मला तेव्हा ती फार म्हातारी वाटली होती. आज मी तिच्याहून मोठी आहे. तिला आमच्यासारखं हिंदी येत होतं, म्हणजे व्याकरणाची पर्वा न करणारं, या देशात सगळ्यांचं चालून जाणारं हिंदी. बाबांना ती मुहंदिस म्हणाली, म्हणजे इंजिनिअर, आणि आईला बेहेन. आम्हाला तिने आधी खाली जाऊच दिलं नाही. चटईवर बसवलं, वेलचीची कॉफी दिली, खजूर दिले आणि लोखंडी तव्यावर पातळ, कुरकुरीत रोटी करून दिली. आई तिच्या हाताकडे बघत राहिली. पिठाचा गोळा तव्यावर फिरवून ती नुसता पातळ थर मागे ठेवत होती. "अगं, हे तर घावनाचं भावंड आहे," आई मला म्हणाली आणि डबा उघडून तिने थालीपीठ पुढे केलं. उम्म सालेमने तुकडा मोडला, बुरख्याखालून तोंडात टाकला, चटणीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने दुसरा तुकडा मागितला. तिथून त्या दोघींचं जमलं.

बाबांनी कामाचं काढलं. खाली कधी गेला होता का, असं विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. "मेरा आदमी पत्रा रखा, ऊपर घास रखा. बोला, इधर नहीं देखना." मग तिने डोंगरांकडे काठी केली. "उधर मेरा माँ-बाप का घर."

तिचं माहेर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं, आणि लढाई झाली ती तिकडेच. पुढचं ती तुकड्या-तुकड्यांनी, कधी हिंदीत, कधी अरबीत बोलली. आईने हमीदाखालांकडून उचललेल्या अरबीवर निभावून नेलं. नवी नवरी होऊन ती उंटावरून घाट उतरून इथे आली, तेव्हा या टेकाडाभोवती गोऱ्यांचे तंबू होते. ते सभ्य होते, बागेत शिरायचे नाहीत, बायकांकडे बघायचे नाहीत. त्यांचा माणूस अंडी विकत घ्यायला यायचा. सासूने नव्या सुनेला कोंबड्यांचं काम दिलेलं, त्यामुळे अंडी गोळा करून द्यायची ती हीच. सकाळी अंडी जायची, मग डोक्यावरून विमानं जायची आणि थोड्या वेळाने डोंगरामागून गडगड ऐकू यायची. पुढे कधीतरी माहेरची बातमी आली. गावाला पाणी आणणारा पाट बाँबने फुटला होता, डाळिंबाची झाडं उभी वाळली होती, तिची आई दगावली होती. "मैं अंडा देता था," ती म्हणाली. ती रडली नाही, आवाजही चढला नाही. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तव्यावरची रोटी करपली, ती तिने काढून कोंबड्यांना टाकली.

बाबा टॉर्च घेऊन उठले. मी त्यांच्यामागे. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. उम्म सालेम उठली होती. आईने तिचा दंड धरला आणि त्या दोघी आमच्यामागून पायऱ्या उतरू लागल्या. नवऱ्याने इतकी वर्षं झाकून ठेवलेल्या जागेत ती बाई चार परक्या शब्दांच्या ओळखीवर उतरली, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही, आज वाटतं. कदाचित परक्यांबरोबर उतरणंच सोपं गेलं असेल. नवऱ्यासमोर, मुलासमोर तिला चेहरा सांभाळावा लागला असता.

खाली गारवा होता. मे महिन्यात माठाला हात लावावा तसा गारवा. लोखंडी दार गंजून अर्धवट उघडं राहिलं होतं, त्यातून एकेकाने अंग चोरून शिरायचं. आधी एक बोळ, मग लहानशी खोली, तिच्यात तारांसाठी भिंतीला ठोकलेल्या पट्ट्या, टेलिफोन ठेवायचे सिमेंटचे ओटे, हवा येण्यासाठी छतातून वर गेलेले पाईप. खरं सांगते, मी थक्क झाले. तोपर्यंत युद्ध म्हणजे पुस्तकातला नकाशा आणि बाण. इथे कुणीतरी कोट टांगायला खिळे ठोकले होते. कुणीतरी चहाचा कप ठेवून ओट्यावर गोल डाग पाडला होता. बाबा भिंतीवरून हात फिरवत पुढे जात होते, पेरांनी वाजवत होते, कोपऱ्यांत टॉर्च मारत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं, चांगलं काम बघितल्यावर येणारं ते समाधान दिसत होतं. "झकास बांधलंय," ते पुटपुटले. "एक तडा नाही. या वाळूत, या उन्हात, एक तडा नाही." माझ्या नातवाला मी अलीकडे तिथे नेलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "आजी, व्हाय इज देअर नो एसी?" त्याला मी म्हटलं, भिंतींना हात लावून बघ. त्याने लावला, आणि मग तो बराच वेळ हात काढेना.

मुख्य खोली सगळ्यांत आत होती. समोरच्या भिंतीवर, गिलाव्यावर थेट रंगाने, अख्खा डोंगर काढलेला होता. उंची दाखवणाऱ्या वळणदार रेघा, वाड्यांच्या निळ्या रेघा, गावांची नावं इंग्रजीत, आणि काही गावांभोवती लाल वर्तुळं. उम्म सालेमला वाचता येत नव्हतं. तिने मला पुढे ओढलं. "बिंत, पढो." बिंत म्हणजे मुलगी. मी वाचू लागले. इंग्रजांनी ऐकलेली अरबी नावं त्यांच्या अक्षरांत, आणि ती माझ्या पुणेरी जिभेवर. पहिली दोन-तीन तिला कळलीच नाहीत. मग एकावर ती थांबली, तिने ते नीट उच्चारून दाखवलं, आणि त्यानंतर खेळ उलटा झाला. मी अडखळत एक नाव वाचायची, ती ते दुरुस्त करायची आणि तिथे कोण राहत होतं ते सांगायची. इथली मावशी. इथे मधमाश्यांची पोळी. इथला माणूस लग्नात ढोल वाजवायला यायचा. असं करत आम्ही तिच्या गावाशी आलो. त्याच्याभोवती लाल वर्तुळ होतं.

तिने काठी आईकडे दिली आणि तळहात त्या वर्तुळावर ठेवला. मग अंगठा तिथेच ठेवून बोटं ताणली. करंगळी आम्ही उभे होतो त्या जागेवर, इंग्रजांनी काळ्या चौकोनाने दाखवलेल्या ठाण्यावर टेकली. एक वीत. तिच्या सासर-माहेरात त्या भिंतीवर एका वितीचं अंतर होतं. तिने वळून खोलीकडे पाहिलं, ओटे पाहिले, छत पाहिलं.

"इतना छोटा कमरा," ती म्हणाली. "मैं सोचता था बहुत बडा होगा."

वर आल्यावर तिने बाबांना सरळ विचारलं, बांधकाम चांगलं आहे का. बाबांनी आईकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "बहुत अच्छा है." उम्म सालेमने सुस्कारा सोडला. वाईट असतं तर बरं झालं असतं, ती म्हणाली, आपोआप पडलं असतं. पण उभं आहे तर आता बुजवू नका. सालेमची मुलं होतील, त्यांनी खाली जाऊन बघावं. आपल्या डोंगराचं काय करायचं ते कुठे बसून ठरवलं, ते त्यांना कळावं. बाबांनी तिला कसलंही वचन दिलं नाही.

त्यांनी रिपोर्ट लिहिला तो दोन ओळींचा. कर्णिककाका तो घेऊन आमच्याकडे जेवायला आले. आईने कोथिंबिरीच्या वड्या केल्या होत्या, वरण-भात, बटाट्याची भाजी. पहिला भात होईपर्यंत ते शाळेबद्दल, गावाकडच्या लग्नांबद्दल बोलले. मग म्हणाले, "विनायक, तुला मी काय सांगितलं होतं? अनसेफ लिही. तू लिहिलंयस साऊंड. आता तुझ्या एका शब्दासाठी मी अख्खा रस्ता वाकवू का?"

"रस्ता वाकवा असं मी कुठे म्हटलंय?" बाबा म्हणाले.

"मग?"

"बुजवायचं तर तुम्ही बुजवा, साहेब. रस्ता आड येतोय म्हणून बुजवा, तसं लिहा. पण ती जागा धोक्याची आहे म्हणून बुजवली, असं माझ्या सहीने होणार नाही. ती धोक्याची नाही."

"अरे, कोण बघणार आहे? वाळवंटातलं एक बीळ."

बाबांनी ताटातली वडी मोडली. "मी बघितलंय ना," ते म्हणाले.

कर्णिककाकांनी आईकडे मोर्चा वळवला. "वहिनी, तुम्ही तरी समजवा. आपण इथे व्हिसावर आहोत. उद्या वरून विचारलं तर मी याला कसा वाचवू? नीलूची पुढच्या वर्षी बारावी आहे." माझं नाव निघाल्यावर माझा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता आई बाबांना काहीतरी म्हणेल. बाबांच्या नोकरीवर इथलं सगळं उभं होतं, घर, माझी शाळा, पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते, सगळंच, आणि नोकरी गेली की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, हे तर मलाही ठाऊक होतं. आई ताक वाढायला उठली. "कर्णिकभावजी," ती म्हणाली, "मीही खाली गेले होते." एवढंच. तिने त्यांच्या वाटीत ताक ओतलं आणि मीठ पुरेसं आहे का ते विचारलं.

ते गेल्यावर आईने बॅगा काढल्या, पुसल्या आणि पुन्हा पलंगाखाली सारल्या. काय नेता येईल, काय विकावं लागेल, हे तिने मनात धरलं असणार. माझ्याशी ती त्याबद्दल बोलली नाही. मी विचारलं, "आपल्याला जावं लागेल?" तर म्हणाली, "लागलं तर जाऊ. पुण्यात काय शाळा नाहीत?" त्या वयात मला तिचा राग आला होता. मैत्रिणी, शाळा, माझी खोली, सगळं एका परक्या बाईच्या जमिनीसाठी पणाला लागलं होतं, आणि या दोघांनी मला विचारलंही नव्हतं. रागात मी दोन दिवस माझं ताट खोलीत नेऊन जेवले. तिसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला निघताना बूट घालत होते. नाडी त्यांनी दोनदा बांधून सोडली आणि तिसऱ्यांदा बांधली. त्यांना भीती वाटत होती. माझ्या बाबांना भीती वाटत होती आणि तरी ते चालले होते. माझा राग तिथेच गेला.

पुढचं काम उम्म सालेमने केलं. ती एका सकाळी बलदियाच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत जाऊन बसली. साहेब भेटेपर्यंत उठली नाही. जमीन माझी, रस्ता न्या, पण टेकाड राहू दे, असं म्हणाली. साहेबांनी कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं. बाबांनी संध्याकाळी आईला स्वयंपाकघरात सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. मजलिसीत, म्हणजे साहेबांच्या बैठकीच्या खोलीत, तीन-चार मोठी माणसं होती, कर्णिककाका होते, कॉफी फिरत होती. साहेबांनी एकच विचारलं, ते बांधकाम धोक्याचं आहे का. कर्णिककाका खिडकीबाहेर बघत होते. बाबा म्हणाले, "नाही." साहेबांनी आणखी काही विचारलं नाही. रस्त्याची आखणी बदलली. वाडीच्या काठाने जाणारा सरळ रस्ता त्या टेकाडाला वळसा घालून पुढे जातो, आणि ट्रकवाले अजून तिथे वेग कमी करतात.

कंपनीचा वेळ गेला, वरचे नाराज झाले. बाबांना त्या कामावरून काढून रुवैसला, रिफायनरीच्या टाक्यांच्या साइटवर पाठवलं. पार पश्चिमेच्या टोकाला, कॅम्पमधली खोली, पंधरवड्याने एकदा घरी. कर्णिककाकांना व्हिसा रद्द करता आला असता. त्यांनी तो केला नाही, ही त्यांची माणुसकी मी विसरत नाही. बाबांची रुवैसची वर्षं मात्र लांबली. मी बारावी झाले, पुण्याला कॉलेजात गेले, लग्न होऊन परत शारजालाच आले, तरी ते तिथेच होते. आईने एकटीने घर चालवलं, ती गाडी चालवायला शिकली आणि महिन्यातून एकदा थालीपिठांचा डबा घेऊन डोंगरापाशी जाऊ लागली. उम्म सालेम वारली तेव्हा दुखवट्याला जमलेल्या बायकांच्या खोलीत तिच्या सुनेशेजारी आई बसली होती.

आज त्या ठाण्याला छोटं संग्रहालय म्हणतात. सालेमची मुलगी किल्ली घेऊन येते आणि दार उघडते. बाबा आता पुण्यात असतात, ऐकायला कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. माझ्या आठवणींतलं हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी त्यांना फोन केला. गल्फमध्ये तुम्ही काय काय उभं केलंत ते सांगा, म्हटलं. त्यांनी टाक्या सांगितल्या, दोन पूल सांगितले, अजमानचा एक रस्ता सांगितला. मी वाट बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "आणि ते डोंगरापाशीचं ठाणं?"

"ते मी कुठे बांधलं?" बाबा म्हणाले. "ते होतंच. मी फक्त चांगल्या स्थितीत आहे असं लिहिलं." मग त्यांनी आईला हाक मारली आणि फोन तिच्याकडे दिला.